चोकच्या पोटातील पत्रे

जुन्या ट्यूबलाइटचा बिघडलेला चोक कधी उघडून पाहिला आहे का? तांब्याच्या वेटोळ्यात लोखंडाचा सलग ठोकळा नसतो, पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात. असे का?

फॅरडेने १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले, तेव्हा त्याचा गाभा भरीव होता. सुमारे सहा इंच व्यासाचे लोखंडी कडे. आवरणाची तार तेव्हा बाजारात मिळत नसे. म्हणून त्याने उघड्या तारेच्या वेढ्यांत सुतळी आणि थरांमध्ये सुती कापड घातले. म्हणजे पहिला गाभाही घरगुतीच!

पण प्रत्यावर्ती प्रवाह सोडला, की भरीव लोखंडातच प्रवाहाचे भोवरे उठतात आणि ते तापते. पत्र्याची जाडी निम्मी केली तर हा अपव्यय चौथाई होतो. १९०० साली बॅरेट, ब्राऊन आणि हॅडफिल्ड यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : लोखंडात थोडे सिलिकॉन मिसळले की चुंबकनातील नुकसानही घटते.

इंग्लंडमधील बिल्स्टन गावची सँकी ही कंपनी मुळात चहाच्या ट्रेंसारखी पत्र्याची भांडी बनवणारी. ती अशा पोलादाचे पत्रे कापू लागली. पुढे १९२० मध्ये ती गेस्ट, कीन या उद्योगसमूहात गेली. त्याच घराण्यातील गेस्ट कीन विल्यम्सचा कारखाना आपल्या भांडुपला होता. मोटारी व ट्रान्सफॉर्मरचे पत्रे तेथे ठोकून काढले जात. कारागीर त्यांना ‘स्टॅम्पिंग’ म्हणतात. लालबहादूर शास्त्री मार्गावरील अनेक कारखान्यांच्या जागी आज मॉल आणि मनोरे आहेत, पण इंग्रजी ‘ई’ आणि ‘आय’ आकाराचे स्टॅम्पिंग अजूनही जळालेल्या स्टॅबिलायझरमधून भंगारात येतात.

मग मोठ्या प्रवाहाचा चोक करायला ते तसेच वापरावेत का? नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये ते उलटसुलट गुंफलेले असतात, फट राहत नाही. अशा गाभ्यात प्रवाह वाढला की लोखंड लवकर संपृक्त होते आणि चोक चोक राहत नाही. म्हणून सगळे ‘ई’ एका बाजूला, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूला, मध्ये जाड कागद. लोखंड चुंबकीय क्षेत्राला हवेच्या काही हजार पट सुलभ वाट देते. त्यामुळे १ मि.मी. फट काही मीटर लोखंडाइतका विरोध करते. बहुतेक ऊर्जा साठते ती त्या फटीतच!

वर्गात करून पाहा. ‘ई’ पत्र्यांच्या मधल्या पायावर एनॅमल तारेचे दोनशेच्या आसपास वेढे घ्या. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर, ५ वॅटच्या मोटारीच्या दिव्याशी ते एकसरीत जोडा. घरातील वीज थेट कधीही जोडू नका. आता ‘आय’ पत्र्यांचा गठ्ठा हळूहळू जवळ आणा. दिवा मंदावेल. मध्ये कागद सरकवा, पुन्हा उजळेल. कागद का बोलतो, हे मुलांनाच विचारा.