नान्नजचा माळ, १९७९

जून १९७९. सोलापूरहून बार्शीकडे निघालेल्या एस.टी.तून तुम्ही नान्नजला उतरता. मृग लागलाय, पण पाऊस अजून शिंतोड्यांपुरताच आहे. गाव मागे पडतं आणि नजर अडवायला काही उरत नाही. चार-दोन हिवर, एखादी बाभूळ, बोरीची झुडपं आणि मुरमावर नुकतं कोंब धरू लागलेलं कुसळीचं गवत. सरकारी कागदांवर अशी जमीन पडीक ठरते. मला ते कधीच पटलेलं नाही. तुम्ही आज इथं आलायत तर तासभर उकिडवे बसा. पायाशी मृगाचे लाल मखमली किडे हळूहळू चाललेत. माळटिटवीची अंडी खड्यांमध्ये अशी मिसळून गेलीत की तुमचा पाय त्यांच्यावर पडणार, एवढ्यात टिटवी ओरडत अंगावर येते.

आता श्रावणात या. कुसळी गुडघ्याला लागलीय. मेंढरं वळणारा धनगर तुम्हाला हाताने खाली दाबतो.

“बसा की पाव्हणं. उभ्या माणसाला त्यो लांबनं बघतोय.”

समोरच्या किंचित उंचवट्यावर माळढोकाचा नर उभा आहे. मीटरभर उंच, डोक्यावर काळी टोपी, मान पांढरीशुभ्र. असा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड फार थोडे. तो शेपूट पाठीवर पंख्यासारखी उलटवतो, पंख खाली सोडतो. मग गळ्याची पिशवी फुगत फुगत थेट पायांपर्यंत लोंबते आणि माळावर घुमतं: हूऽऽम्. मेंढरांमागचा कुत्रा मान वर करून त्या दिशेला बघतो. नर पुन्हा घुमतो. हा उंचवटा त्याचा ठरलेला असतो आणि तो सगळीकडून दिसावा लागतो, त्यालाही सगळीकडचं दिसावं लागतं. मोकळं रान त्याला हवं ते यासाठी.

मादी शोधायला मात्र दम लागतो. ती गवतात, जमिनीवरच्या उथळ खळग्यात बसलीय. काडी नाही, पीस नाही, आणि अंडं एकच. नर त्या बाजूला फिरकतही नाही. जवळजवळ महिनाभर ती एकटी अंडं उबवणार. तेवढ्यात चरत चरत एक गाय थेट तिच्या रोखाने येते. तुमच्या पोटात गोळा येतो. मादी पळत नाही. ती उठते, पंख पसरते, शेपूट फुलवते आणि गायीच्या तोंडासमोर उभी राहते. गाय बिचकते, फुरफुरते, बाजूने निघून जाते. मादी परत खळग्यात बसते. वर्षाचा सगळा पसारा त्या एका अंड्यावर. ते फुटलं तर बहुतेक वेळा ते वर्ष गेलंच म्हणायचं.

हस्ताच्या सरी पडतात. सोलापुरात खरा पाऊस हा असा उशिराचा. शेतकरी ज्वारीच्या पेरणीला लागलेत आणि कुसळी पिकलीय. तुमच्या धोतरात-पायजम्यात घुसलेलं एक कुसळ काढून तळहातावर घ्या. टोकाला सुईसारखं बी, मागे लांब तुसाची शेपटी. त्यावर थेंबभर पाणी टाका. शेपटी पीळ सोडत गरगर फिरू लागते. वाळली की पुन्हा पीळ भरतो. ओलं-कोरडं होता होता बी स्वतःला मुरमात भोकं पाडत रोवून घेतं. ज्या जमिनीत कुदळ उसळते, तिथं हे गवत दरवर्षी स्वतःची पेरणी करतं.

थंडीत मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. गवतावर अगदी खालून तरंगत शिकार शोधतात आणि दिवस मावळला की गवतातच, जमिनीवर, मुक्कामाला उतरतात. भोरड्यांचे थवे ज्वारीवर पडतात, माळ्यावरून गोफणी सुटतात. वेळ अमावास्येला शेतात पंगती बसतात. माळढोकही ज्वारीच्या कडेने हिंडतो, टोळ आणि हिंगे टिपतो. ज्वारी, मेंढरं आणि गवत यांचा हा मेळ बसला होता म्हणूनच तो इथं टिकला, असं मी ठामपणे म्हणेन.

याच १९७९ साली माळढोकाचं अभयारण्य जाहीर होतं. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन त्यात येते, गावं आणि खाजगी शेतं धरून. लोकांना त्याचा जाच झाला, आणि २०१२च्या सुमारास ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. दरम्यान उजनी धरणाचं पाणी सोलापूर जिल्ह्यात फिरलं, ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना; समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. गवताळ माळावर ग्लिरिसिडियाही लावला गेला. झाड लावलं म्हणजे भलंच झालं असं मानणाऱ्या प्रत्येकाला त्या श्रावणातल्या उंचवट्यासमोर नेऊन बसवावं, असं मला फार वाटतं.

आज देशात माळढोक उरलेत ते दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. नान्नजला तुमची गाठ पडेल ती काळविटांशी. नशीब असेल तर लांडग्याशी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भोवत्या असतात. उन्हाळ्यात गेलात तर गाडी रस्त्यावरच सोडा आणि खाली बघत चाला. धाविक पक्षी आपली अंडी उघड्या मुरमावरच घालतो.