१०९ विजय आणि एक रिकामी जागा

आजच्या गप्पांमध्ये मी तुम्हाला एका मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची गोष्ट सांगणार आहे. संघ अमेरिकेतला आहे, पण गोष्ट ऐकताना तुम्हाला आपल्या गावातली शाळा आठवली तर मला आनंदच होईल.

आधी एक आकडा लक्षात ठेवा. १०९. या कॉलेजच्या मुलींनी ओळीने १०९ सामने जिंकले. सप्टेंबर २००७ पासून सप्टेंबर २०१० पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, त्यांना कोणीही हरवू शकलं नाही. अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज व्हॉलीबॉलमध्ये एवढी लांब साखळी दुसऱ्या कोणत्याच संघाने गुंफलेली नाही.

हे कॉलेज म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं पेन स्टेट विद्यापीठ. आज ते फार मोठं आहे, पण १८५५ साली त्याची सुरुवात झाली ती शेतकऱ्यांच्या मुलांसाठीची शाळा म्हणून. आसपास डोंगर, शेतं आणि मधे कॉलेजचं गाव. त्या गावातल्या रेक हॉल नावाच्या जुन्या बंदिस्त क्रीडागृहात या मुली खेळतात. सामना असला की तिथे ढोल-ताशांसारखाच गजर असतो, फक्त वाद्यं वेगळी.

हा संघ उभा कसा राहिला हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. १९७२ पूर्वी अमेरिकेतल्या कॉलेजांत मुली खेळत नव्हत्या असं नाही. खेळत होत्या, पण मुलांचं सगळं झाल्यावर जे उरेल त्यावर. मैदान मुलांचा सराव संपल्यावर मिळायचं. मुलांच्या संघाला बस, गणवेश आणि शिष्यवृत्ती होती. मुली घरी केक भाजून विकायच्या आणि त्या पैशांतून प्रवासाचा खर्च काढायच्या. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

मग २३ जून १९७२ रोजी एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला मुलगी आहे म्हणून कोणाला वगळता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. मूळ इंग्रजीत ते फक्त ३७ शब्दांचं वाक्य आहे आणि त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. हा कायदा व्हावा म्हणून झटलेल्यांमध्ये हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक होत्या. त्यांना तरुणपणी डॉक्टर व्हायचं होतं. चांगले गुण असूनही एकाही वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना घेतलं नाही. त्या वकील झाल्या आणि पुढे संसदेत गेल्या. २००२ साली त्या वारल्यावर या कायद्याला त्यांचं नाव देण्यात आलं.

कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदानं भरली नाहीत. पण हळूहळू कॉलेजांना मुलींचे संघ काढावे लागले, त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. पेन स्टेटमधला मुलींचा व्हॉलीबॉल संघ त्याच दशकातला. १९७९ मध्ये रस रोझ नावाचे तरुण प्रशिक्षक तिथे आले आणि २०२१ च्या हंगामापर्यंत, म्हणजे ४३ हंगाम, तिथेच राहिले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या कॉलेज क्रीडा संघटनेने मुलींसाठी राष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून एकही वर्ष न चुकता या स्पर्धेत खेळलेला संघ एकच, पेन स्टेट. मला हा विक्रम १०९ इतकाच मोठा वाटतो, कारण तो चिकाटीचा आहे.

चिकाटी म्हणायचं कारण असं की जिंकायला त्यांना फार वेळ लागला. १९९३ मध्ये त्या अंतिम सामन्यात पोचल्या आणि हरल्या. १९९७ मध्ये पुन्हा पोचल्या, पाच सेटपर्यंत झुंजल्या आणि हरल्या. १९९८ मध्येही तेच झालं, पाच सेट आणि हार. १९९९ मध्ये होनोलुलूला मात्र त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाला सरळ तीन सेटमध्ये हरवलं आणि पहिलं अजिंक्यपद घरी आणलं. त्या संघात केटी शूमाकर नावाची एक खेळाडू होती. तिचं नाव लक्षात ठेवा, आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

आता त्या १०९ कडे वळूया. सप्टेंबर २००७ मध्ये पेन स्टेट स्टॅनफर्डकडून हरलं. त्यानंतर त्या वर्षीचे उरलेले सगळे २६ सामने त्यांनी जिंकले. शेवटचा होता अंतिम सामना, तोही स्टॅनफर्डशी, पाचव्या सेटपर्यंत गेलेला.

२००८ मध्ये ३८ सामने झाले आणि ३८ जिंकले. व्हॉलीबॉलमध्ये तीन सेट जिंकले की सामना जिंकला. म्हणजे ३८ सामन्यांत त्यांनी ११४ सेट जिंकले. आणि गमावले किती? फक्त दोन. ते दोन्ही एकाच संध्याकाळी गेले. उपांत्य सामना ओमाहा शहरात होता आणि समोर नेब्रास्काचा संघ होता. ओमाहा म्हणजे नेब्रास्काचं घर. १७ हजारांहून जास्त प्रेक्षक आणि त्यातले बहुतेक सगळे विरोधात. पेन स्टेटने पहिले दोन सेट घेतले. आधीच्या वर्षाच्या शेवटच्या सेटपासून मोजलं तर ओळीने १११ सेट झाले. मग नेब्रास्काने सलग दोन सेट जिंकले आणि सभागृह डोक्यावर घेतलं. वर्षभर ज्यांनी सेट गमावणं पाहिलंच नव्हतं त्या मुलींना आता १५ गुणांच्या पाचव्या सेटमध्ये आपली जागा सांभाळायची होती. त्यांनी ती सांभाळली आणि दोन दिवसांनी अंतिम सामनाही जिंकला.

२००९ मध्ये पुन्हा ३८ पैकी ३८. पण त्यातला शेवटचा सामना जवळजवळ गेलाच होता. अंतिम फेरीत टेक्सासने पहिले दोन सेट घेतले. अजून एक सेट गेला असता तर सगळं संपलं असतं. पेन स्टेटने तिसरा घेतला, चौथा घेतला आणि पाचवा १५-१३ असा खेचून आणला. तो होता १०२ वा विजय.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कॉलेजचा संघ म्हणजे वाहतं पाणी. मुलगी साधारण चार वर्षं खेळते, पदवी घेते आणि जाते. २००८ नंतर त्या वर्षीची देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू निकोल फॉसेट गेली, आणि नेटवर भिंतीसारखा ब्लॉक लावणारी क्रिस्टा हार्मोटोही गेली. तरी पुढचं वर्ष बिनपराभव गेलं. २००९ नंतर स्मॅशर मेगन हॉज गेली आणि लिफ्टर अलिशा ग्लास गेली. आपल्याकडे टाळ्या स्मॅश मारणारीला मिळतात. पण चेंडू तिच्या हाताला हवा तिथे आणि हवा तेव्हा उचलून देते ती लिफ्टर. अर्ध्या क्षणात तिला ठरवायचं असतं की कोणाला द्यायचा. पुढे हॉज आणि हार्मोटो २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी रौप्यपदक जिंकल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हार्मोटो आणि ग्लास यांना कांस्यपदक मिळालं.

म्हणजे १०९ हा एका हुशार मुलीचा पराक्रम नव्हता. एक गेली की दुसरी तयार असायची, कारण ती रोज सराव करत होती. तिच्या फीची, जेवणाची, प्रवासाची सोय झालेली होती. म्हणूनच ती थांबू शकली. केक विकून हे झालं नसतं.

११ सप्टेंबर २०१० रोजी साखळी तुटली. तोडणारा संघ तोच, स्टॅनफर्ड, ज्याच्याकडून तीन वर्षांपूर्वी शेवटची हार झाली होती. त्या हंगामात पेन स्टेट एकूण पाच सामने हरलं. आणि तरीही डिसेंबरमध्ये अजिंक्यपद त्यांनीच जिंकलं, सलग चौथं. मला त्या मुलींचं हे वर्ष सगळ्यात आवडतं. न हरणाऱ्या संघात खेळायची सवय झाल्यावर पाच वेळा हरायचं, दर वेळी पुन्हा सरावाला उभं राहायचं आणि शेवटी जिंकायचं, हे सोपं नाही.

पण मैत्रिणींनो, मी शीर्षकात एक रिकामी जागा म्हटलं आहे. ती जागा खेळाडूंच्या रांगेत नव्हती, रेषेबाहेर होती. १९८१ पासून २०२३ पर्यंत मुलींच्या या राष्ट्रीय स्पर्धेची ४३ अजिंक्यपदं झाली. वेगवेगळ्या कॉलेजांनी ती जिंकली. पण ४३ च्या ४३ वेळा जिंकणाऱ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक पुरुष होता.

यात रस रोझ यांना कमी लेखायचं कारण नाही. त्यांच्या संघांनी १,३३० सामने आणि सात अजिंक्यपदं जिंकली. शेकडो मुली त्यांच्या हाताखाली घडल्या. प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न असा की चाळीस वर्षांत हजारो मुली हा खेळ शिकल्या, मग विजेत्या संघाला शिकवणाऱ्या खुर्चीत त्यांच्यातली कोणी का बसली नाही?

उत्तर थोडं विचित्र आहे. १९७२ मध्ये, जेव्हा मुलींच्या संघांना पैसे नव्हते, तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांना बायकाच शिकवत होत्या. बहुतेक जणी नोकरी सांभाळून, जवळजवळ फुकट. कायदा झाला, पैसा आला, प्रशिक्षकपदाला पगार आणि मान मिळाला. मग पुरुषही त्या नोकऱ्यांसाठी येऊ लागले. मुलींचा आणि मुलांचा क्रीडाविभाग एक केला गेला आणि तो चालवायला बहुतेक ठिकाणी पुरुष बसले. नेमणुका तेच करू लागले. हळूहळू बायकांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं आणि आजही ते निम्म्याच्या खालीच आहे. खेळायचं दार उघडलं, आणि त्याच वेळी शिकवायचं दार अरुंद झालं. आपल्या घरात बघा ना. रोजचा स्वयंपाक बाईचा, पण पंगतीच्या स्वयंपाकाचे पैसे मिळायला लागले की आचारी पुरुष.

आता केटीकडे परत येऊ. १९९९ च्या त्या पहिल्या विजेत्या संघातली मुलगी पुढे प्रशिक्षक झाली. दुसऱ्या कॉलेजांत तिने संघ सांभाळले, २०१८ मध्ये साहाय्यक म्हणून पेन स्टेटला परत आली आणि रोझ निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाली. आता तिचं नाव केटी शूमाकर-कॉली. तीन मुलींची आई. २०२४ चा हंगाम चालू असताना तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. ऑक्टोबरमध्ये तिने ते सगळ्यांना सांगितलं. केमोथेरपी सुरू झाली, केस गेले, पण ती संघासोबत राहिली.

त्या डिसेंबरमध्ये उपांत्य सामन्यात समोर पुन्हा नेब्रास्का. पेन स्टेट पहिले दोन सेट हरलं. चौथ्या सेटमध्ये तर २२-२४ अशी वेळ आली, म्हणजे एक गुण गेला की घरी. तो सेट त्यांनी २८-२६ असा जिंकला आणि पाचवा १५-१३. बरोबर पंधरा वर्षांपूर्वी टेक्सासविरुद्धही पाचवा सेट १५-१३ च होता.

२२ डिसेंबर २०२४, लुइव्हिल शहर, २१ हजारांहून जास्त प्रेक्षक. अंतिम सामन्यात समोर त्याच शहराचा संघ होता आणि त्याची मुख्य प्रशिक्षकही एक बाईच होती, डॅनी बुसबूम केली. म्हणजे पहिली सर्व्हिस होण्याआधीच एक गोष्ट ठरली होती. त्या दिवशी कोणीही जिंको, ४३ वर्षं रिकामी असलेली ती जागा भरणार होती. दुसरा सेट ३२-३४ असा गमावूनही पेन स्टेटने सामना तीन-एकने जिंकला. जेस म्रुझिक या खेळाडूने एकटीने २९ स्मॅश गुण घेतले. कॉलेजचं हे आठवं अजिंक्यपद, आणि बाई मुख्य प्रशिक्षक असताना जिंकलेलं या स्पर्धेतलं पहिलं.

मैत्रिणींनो, १०९ हा आकडा मोठा आहे, पण कधीतरी कोणीतरी ११० करील. ‘पहिली’ मात्र एकदाच होते, आणि ती व्हायला ४३ वर्षं लागली.

आता आपल्या गावचं बघूया. तुमच्या शाळेतल्या मुली तालुक्याला खेळायला जातात तेव्हा त्यांच्यासोबत कोण जातं? त्यांना सर्व्हिस कशी करायची हे कोण शिकवतं? गावात अशी एखादी सून किंवा वहिनी नक्की असेल जी लग्नाआधी जिल्ह्याला, विभागाला खेळली होती आणि आता कोणाला ते माहीतही नाही. तिला विचारा. मुख्याध्यापकांना भेटून सांगा की आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी ती मुलींना शिकवेल, आणि त्याचं मानधनही ठरवून घ्या. फुकट करायला लावू नका. फुकट होतं तोवर ते काम आपलं असतं आणि पैसे आले की दुसऱ्याचं होतं, हे आपण आत्ताच ऐकलं.

आणि हो, केटीची गोष्ट ऐकलीत, तर आपलंही शरीर तपासायला विसरू नका. स्तनात गाठ जाणवली, त्वचा ओढल्यासारखी दिसली किंवा काही वेगळं वाटलं, तर लाजू नका आणि लांबणीवरही टाकू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोपर्यंत अंगणात मुली चेंडू उडवताना दिसल्या तर त्यांना हाक मारून कामाला लावण्याआधी सेट पूर्ण होऊ द्या.