भुकटीची सात वर्षे

रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचे नाते १९६०च्या दशकात बरेच स्पष्ट झाले होते. पण कोलेस्टेरॉल उतरवले तर झटका टळतो का, याचा निर्णायक पुरावा हवा होता. तो शोधण्यासाठी १९७३ पासून उत्तर अमेरिकेत स्टॅनफर्ड, जॉन्स हॉपकिन्स, आयोवा अशा विद्यापीठांच्या १२ ‘लिपिड रिसर्च क्लिनिक्स’मध्ये एक मोठी चाचणी झाली.

त्यात ३५ ते ५९ वयाचे ३,८०६ पुरुष होते. सर्वांचे कोलेस्टेरॉल खूप जास्त, पण हृदयविकाराची लक्षणे नाहीत. निम्म्यांना कोलेस्टिरामाइनची भुकटी, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी भुकटी. कोणाला काय मिळते, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. औषध आतड्यातील पित्ताम्ले बांधून ठेवते. नवी पित्ताम्ले बनवताना यकृत कोलेस्टेरॉल खर्च करते. भुकटी रवाळ, बद्धकोष्ठ करणारी. तरी ती सरासरी ७.४ वर्षे चालली.

जानेवारी १९८४ मध्ये निष्कर्ष आले. हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका: औषधगटात १५५, दुसऱ्या गटात १८७. याच आकड्यांच्या बळावर अमेरिकेत कोलेस्टेरॉलविरोधी राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. मात्र सर्व कारणांनी झालेले मृत्यू ६८ आणि ७१, म्हणजे जवळजवळ सारखेच. शिवाय चाचणीत एकही स्त्री नव्हती. निष्कर्षांचा आधार मात्र पुढे स्त्रियांसाठीही घेतला गेला.

मला वाटते, पहिल्या जोडीइतकीच ही दुसरी जोडीही इतिहासात नोंदवली पाहिजे. निरोगी माणसाला वर्षानुवर्षे औषध घ्यायला सांगताना त्याला दोन्ही ठाऊक असायला हव्यात.