हिरवा की मोरपंखी?

हिरवा घ्यावा की मोरपंखी, हा प्रश्न चुन्याच्या भिंतींना फारसा पडला नाही. चुन्याच्या दाहकतेपुढे बरेच रंग उडतात, नीळ टिकते. मोरचूद कालवलं तर हिरवट-निळी झाक येते. फळझाडांच्या खोडाला लावलेली बोर्डो पेस्ट आठवा, ती याच दोघांची.

चमकदार हिरव्याची किंमत युरोपने मोजली. १७७५मध्ये स्वीडनच्या शेलेने तांबं आणि आर्सेनिकपासून हिरवा रंग बनवला. तो भिंतींच्या कागदांवर चढला. दमट खोल्यांत त्यावर बुरशी धरली की विषारी वायू सुटे. पुढे १९३५मध्ये थॅलोसायनिन निळा बाजारात आला आणि काही वर्षांत हिरवाही. हेही तांब्याचेच, पण चुन्यात टिकणारे. दुकानातलं यंत्र आज त्यांचे थेंब कमीजास्त करून शेजारशेजारच्या छटा काढतं.

आष्टीतल्या घराच्या बैठकीसाठी मी अशाच दोन छटा निवडल्यात. कार्डावर त्या जुळ्या दिसतात, म्हणून दोन्ही भिंतीवर हातभर लावून घेतल्या. दुपारच्या उजेडात फरक स्पष्ट दिसतो. रात्री पिवळ्या दिव्याखाली मोरपंखीतला निळा दबतो आणि ती हिरवी होते. आमची बैठक भरते रात्रीच. निवड त्या उजेडातच करणार.