फायलींच्या मोजणीची कुळकथा

फोल्डरात किती फायली आहेत, हे फोल्डरला बहुधा ठाऊकच नसतं. हे दुखणं जुनं आहे. 1970च्या दशकात बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, ही एक साधी फाईलच होती. तिच्यातली एकेक नोंद 16 बाइटांची: 2 बाइट आयनोड क्रमांकाला (फाईलच्या आतल्या ओळख-क्रमांकाला), 14 नावाला. मग आकाराला 16 ने भागलं की झालं? तसं नव्हतं. फाईल काढून टाकली की आयनोडच्या जागी शून्य पडायचं आणि नोंद तिथेच राहायची, हजेरीपटावर शाळा सोडून गेलेल्या मुलाची ओळ राहते तशी. म्हणून प्रत्येक नोंद वाचणं आलंच.

पुढे हे वाचण्याचं काम पाइपने सोपं केलं: पाइप एका प्रोग्रॅमचं उत्तर थेट दुसऱ्याकडे पोचवतो. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांनी या पाइपचा पिच्छा पुरवला होता. 1973 मध्ये त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी पाइप युनिक्समध्ये आणले. तेव्हापासून फायलींची नावं दाखवणाऱ्या एलएस या प्रोग्रॅमची यादी डब्ल्यूसी या मोजणाऱ्या प्रोग्रॅमकडे द्यायची आणि ओळी मोजून घ्यायच्या, ही वहिवाट पडली. सुटसुटीत खरी, पण एलएस आधी सगळी नावं गोळा करून क्रमाने लावतो. मोजणाऱ्याला त्या क्रमाशी काय देणंघेणं? एलएसला ‘वजा एफ’ जोडलं की क्रम लावणं थांबतं आणि लाखो फायली असल्या तर फरक जाणवतो. मात्र मग टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली, शिवाय एक टिंब आणि दोन टिंबं या नोंदीही मोजणीत येतात.

खरा वेळ जातो तो वेगळ्याच ठिकाणी. नुसत्या फायली मोजायच्या तर ‘ही फाईल की फोल्डर?’ हे प्रत्येक नावामागे विचारावं लागतं, आणि दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमकडे नवी फेरी. गंमत म्हणजे उत्तर बहुतेकदा यादीबरोबरच आलेलं असतं. विंडोज ते देतं, लिनक्सही बऱ्याच फाईल सिस्टिमवर देतं. पायथन भाषेतलं लिस्टडिर हे फंक्शन मात्र नाव ठेवून बाकीचं टाकून द्यायचं. बेन हॉयट यांच्या प्रस्तावावरून 2015 मध्ये पायथन 3.5 मध्ये ही माहितीही हाती देणारं स्कॅनडिर आलं. फोल्डरांची झाडं पालथी घालणारं ओएस डॉट वॉक त्यामुळे विंडोजवर 8-9 पट, तर युनिक्स-लिनक्सवर 2-3 पट वेगवान होतं, असं त्या प्रस्तावातच नोंदलं आहे. मायक्रोसॉफ्टने त्याआधीच, 2010च्या डॉटनेट 4 मध्ये, सगळी यादी ॲरेत न भरता एकेक नाव हाती देणारं एन्युमरेटफाइल्स आणलं होतं.

तेव्हा नुसता आकडा हवा असेल, तर यादी साठवू नका, क्रम लावू नका आणि मिळालेली माहिती पुन्हा मागू नका.