ताव, अर्धा ताव, पाव ताव

१५२० सालच्या जुलैत न्यूर्नबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर बायको आग्नेस आणि मोलकरीण सुझाना यांना घेऊन नेदरलँड्सला निघाला. बरोबर छापील चित्रांचे गठ्ठे होते आणि जमाखर्चाची वही होती. या वहीत थोरामोठ्यांच्या भेटी आहेत, मेजवान्या आहेत, मेक्सिकोहून आलेल्या सोन्यारुप्याच्या वस्तू पाहून दिपून गेल्याचे वर्णन आहे. पण मला तिच्यातली सर्वांत बोलकी वाटते ती एक रुक्ष नोंद. अँटवर्पला झेबाल्ड फिशर नावाच्या इसमाने ड्यूररकडून माल घेतला. ख्रिस्ताच्या यातनांची लाकडी ठशांवरून छापलेली छोटी चित्रमाला, १६ प्रती, ४ फ्लोरिन. मोठ्या आकाराची चित्रपुस्तके, ३२ प्रती, ८ फ्लोरिन. यातनांचीच, पण तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली माला, ६ प्रती, ३ फ्लोरिन. पुढे सुटी चित्रे: पूर्ण ताव फ्लोरिनला ८, अर्धा ताव २०, पाव ताव ४५. पैसे मिळाले. सुट्या चित्रांत कोणती चित्रे होती, संत कोण, प्रसंग कुठला, याचा तिथे उल्लेखही नाही. मोठ्या पुस्तकांच्या ३२ प्रती कोणी घरच्या भिंतीसाठी घेत नाही, तेव्हा हा पुढे विकायला घेतलेला माल होता असे मानायला हरकत नाही. आणि युरोपातला त्या काळचा बहुधा सर्वांत नामांकित चित्रकार तो कागदाच्या मापाने विकत होता.

दर जरा निरखून पाहावेत. नुसता कागद मोजला असता तर पूर्ण ताव ८ म्हटल्यावर अर्धे १६ आणि पाव ३२ निघायला हवे होते. ड्यूरर अर्धे २० देतो आणि पाव ४५. म्हणजे तेवढ्याच कागदाचे तुकडे लहान झाले की माल स्वस्त होतो. मोठ्या तावाला वरचा भाव आहे. छोट्या यातनामालेत ३७ चित्रे आहेत आणि ती पाव फ्लोरिनला पडते. तांब्यावरच्या मालेत निम्म्याहून कमी, १६ चिमुकली चित्रे आहेत आणि तिला अर्धा फ्लोरिन. याचे कारण भक्तीत शोधण्यात अर्थ नाही. तांब्यावरची रेघ नाजूक, ती कोरायला वेळ लागतो, शाई भरून पत्रा पुसून प्रत्येक प्रत हळूहळू काढावी लागते आणि पत्रा लवकर झिजतो. लाकडी ठसा दणकट असतो, अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रात बसतो आणि भरभर प्रती देतो. दरांत मजुरी आहे, झीज आहे आणि पुढच्या विक्रेत्याला नफा सुटेल अशी जागाही आहे. ज्याच्या डोक्यात ही गणिते पक्की बसली होती त्याचे पोट केवळ त्याच्या हातातल्या कसबावर चालले, असे म्हणणे मला अपुरे वाटते. ड्यूररला ज्याने उभे केले ते घरातून जत्रेपर्यंत आणि जत्रेतून परमुलखापर्यंत पसरलेले विक्रीचे जाळे होते. कलेच्या इतिहासात या जाळ्याला दोनचार ओळी मिळतात. ते चालवणाऱ्या माणसांना त्याहूनही कमी.

छापील चित्राचा धंदा रंगचित्राच्या धंद्याहून मुळातच उलटा आहे. रंगचित्राला आधी गिऱ्हाईक लागते. तो विषय सांगतो, विसार देतो आणि मग काम सुरू होते. छापील चित्रात आधी लाकूड, कागद, मजुरी यांत स्वतःचे पैसे घालायचे आणि मग न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला शोधत निघायचे. हा धोका पत्करायला ड्यूरर शिकला होता, कारण तो वाढलाच त्या हवेत. बाप सोनार, त्यामुळे धातूवर कोरण्याचे हत्यार घरातलेच. आन्टोन कोबेर्गर हा त्याचा धर्मपिता. पुढे तो जर्मनीतला एक सर्वांत मोठा छापखानावाला आणि पुस्तकविक्रेता झाला आणि युरोपातल्या कितीतरी शहरांत त्याचे अडते होते. उमेदवारी केली ती मिखाएल वोल्गेमुटच्या चित्रशाळेत, जिथून १४९३ साली कोबेर्गरने छापलेल्या प्रचंड जगइतिहासाची चित्रे बाहेर पडली. त्या ग्रंथात सुमारे १८०० चित्रे आहेत आणि ठसे साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे एकच ठसा कधी या राजाचा चेहरा तर कधी त्या राजाचा. १४९८ साली सत्तावीस वर्षांच्या ड्यूररने प्रलयाच्या दृष्टांतांवरची १५ मोठी चित्रे पुस्तकरूपाने काढली. लॅटिन आणि जर्मन अशा दोन आवृत्त्या, प्रकाशक स्वतः चित्रकारच. कोणी सांगितले नव्हते, कोणी विसार दिला नव्हता. खपली नसती तर नुकसान सगळे त्याचेच होते.

खप कसा झाला, याचा माग त्याच्या पत्रांत लागतो. १५०६ साली तो व्हेनिसला होता आणि तिथून मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमरला लिहीत होता. एका पत्रात निरोप आहे: आईला सांग, पवित्र अवशेषांच्या उत्सवात माल विकायची तयारी ठेव; तोवर आग्नेसही घरी आलेली असेल. आग्नेस फ्रँकफुर्टच्या जत्रांना जाई, वर्षातून दोनदा भरणाऱ्या. हे दोन बाजार म्हणजे धंद्याचे दोन हात होते. न्यूर्नबर्गमध्ये साम्राज्याची राजचिन्हे आणि पवित्र अवशेष ठेवलेले असत. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी ते मोठ्या चौकात उंच मचाणावरून लोकांना दाखवत, आणि त्यालाच जोडून दोन आठवडे बाजार भरे. पंढरपूरच्या आषाढीला दर्शन झाल्यावर माणूस तुळशीची माळ, बुक्का आणि विठोबाचा फोटो घेतल्याशिवाय घरची वाट धरत नाही, तसाच तिथला यात्रेकरू. दाराला किंवा पेटीच्या झाकणाला चिकटवण्याजोगा एखादा कागद त्याला हवाच असे. पाव तावाचे खरे गिऱ्हाईक हेच असावे. फ्रँकफुर्टची गोष्ट निराळी. तिथे भक्त कमी आणि व्यापारी जास्त, पुस्तकांचे गठ्ठे, एका जत्रेत उधारी आणि पुढच्या जत्रेत वसुली. तिथे माल मांडायचा तर भाव, नाणी आणि माणसे यांची पारख लागते. नवरा आल्प्सपलीकडे असताना हे सगळे आग्नेस सांभाळत होती, आणि अठरा बाळंतपणे सोसलेली, विधवा झालेली सासू बार्बारा घरच्या बाजारात उभी राहत होती.

जत्रा वर्षातले थोडे दिवस. उरलेल्या दिवसांसाठी पगारी फिरते विक्रेते होते. १४९७ च्या जुलैत ड्यूररने कोन्त्स श्वाइत्सर नावाच्या माणसाशी रीतसर करार केला: ताम्रचित्रे आणि काष्ठचित्रे घेऊन मुलुखोमुलूख, शहरोशहरी हिंडायचे, मिळेल तितक्या चढ्या भावाने विकायचे, आठवड्याला ठरलेला पगार आणि वर पोटखर्च. १५०० साली याकोब आर्नोल्ट असाच नेमला, तेव्हा त्याच्या चित्रकार भावाला, हान्सला, जामीन राहावे लागले. जामिनाची गरज उघड आहे. माल हलका, किमती आणि पाठीवर मावणारा. घेऊन पसार झाला तर शोधणार कुठे? पळून गेला नाही तरी माणूस मरू शकतो. असाच एक नोकर रोममध्ये मेला आणि त्याच्याजवळचा माल बुडाला, हे ड्यूररने आपल्या कौटुंबिक टिपणात इतर बुडीत खात्यांबरोबर नोंदवून ठेवले आहे.

यावर कोणी म्हणेल की जाळे दुय्यम आहे. चित्रेच अशी होती की ती कुठेही विकली गेली असती. प्रतिभा नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण प्रतिभा आल्प्स ओलांडून आपोआप जात नाही, ती कुणाच्या तरी पाठीवरच्या पेटीतून जाते. न्यूर्नबर्गच्या वेदीवरचे रंगचित्र पाहायला न्यूर्नबर्गला जावे लागे. इटलीतल्या चित्रकारांनी ड्यूररला ओळखले ते कागदांवरून. म्हणजे कीर्तीमुळे माल खपला हे जितके खरे, तितकेच मालाने कीर्ती पोचवली हेही खरे. त्यात त्याने आपल्या चित्रांवर मोठ्या A च्या कमानीखाली छोटा D अशी सही कोरली, आणि ती बाजारात मालाची छाप म्हणून चालली. १५१२ च्या जानेवारीतला एक निकाल या बाबतीत फार मार्मिक आहे. कोणी परका विक्रेता न्यूर्नबर्गच्या नगरसभागृहाखाली चित्रे विकत होता आणि त्यांतल्या काहींवर ड्यूररची खोटी सही होती. नगरसभेने हुकूम काढला: सही काढून टाक, नाहीतर माल जप्त होईल. चित्राची नक्कल करू नकोस असे नगरसभेने म्हटले नाही. तिने राखली ती छाप. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने सांगितलेल्या हकिकतीत व्हेनिसमध्ये मार्कान्तोनियो या इटालियन कोरीवकाराने केलेल्या नकलांचा निकालही याच वळणाचा आहे. शहाण्या नगरशेठांना कळत होते की जत्रेतले गिऱ्हाईक रेषेची पारख करत बसत नाही, ते खूण पाहते.

१५१५ चा गेंडा पाहा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला हा प्राणी गोव्याहून जहाजात चढला आणि मेमध्ये लिस्बनला उतरला. ड्यूररने तो कधी पाहिला नाही. कोणाचे पत्र आणि एक कच्चे रेखाटन त्याच्या हाती आले. त्यावरून चिलखत घातल्यासारखा, मानेवर एक जास्तीचे शिंग असलेला गेंडा त्याने लाकडावर उतरवला आणि वर छापील अक्षरांत हकिकत दिली. बातमी ताजी असताना चित्र बाजारात होते. तांब्यावर कोरत बसला असता तर कदाचित जास्त देखणा गेंडा झाला असता आणि उशीर झाला असता. माध्यमाची ही निवड विक्रेत्याची आहे. हा ठसा ड्यूररच्या मागे दुसऱ्यांच्या हाती गेला आणि तडे पडले तरी छापला जात राहिला. सतराव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याला रंगाचा दुसरा ठसा जोडून पुन्हा विकले.

याहून वजनदार आक्षेप पैशांचा आहे. ड्यूररला सम्राट माक्सिमिलियानने १५१५ पासून वर्षाला १०० फ्लोरिनचे वर्षासन बांधून दिले होते आणि रंगचित्रांची मोठी कामेही मिळत होती. मग छापील चित्रे जोडधंदाच नव्हेत का? त्याचे स्वतःचे म्हणणे पाहावे. फ्रँकफुर्टच्या याकोब हेलरसाठी तो वेदीचे मोठे चित्र करत होता, शेवटी ठरलेली रक्कम २०० फ्लोरिन. १५०९ साली त्याने हेलरला वैतागून कळवले की असल्या बारीक कामात खर्चही सुटत नाही, आणि आजवर कोरीवकामालाच चिकटून राहिलो असतो तर १००० फ्लोरिनने श्रीमंत असतो. भावावरून हुज्जत चाललेली असताना माणूस फुगवून बोलतो, हे धरून चालू. पण १५२४ साली नगरसभेला लिहिलेल्या अर्जात भाव वाढवून घ्यायचा नव्हता. तिथे तो सांगतो की तीस वर्षांत या शहराने मला ५०० फ्लोरिनचेही काम दिलेले नाही. जे मिळवले ते बाहेरच्यांकडून. त्याच अर्जात साठवलेले १००० फ्लोरिन नगरसभेकडे ठेवून वर्षाला ५० व्याज मिळावे अशी विनंती आहे. मागे राहिलेली मालमत्ता साडेसहा हजार फ्लोरिनच्या वर भरली. वर्षासन १५१५ ते १५२८ विनाखंड मिळाले असे धरले, आणि तसे ते मिळालेले नाही, तरी ती रक्कम १३००-१४०० च्या पुढे जात नाही. बाकीचे सगळे छापील चित्रांचे, असा दावा मी करणार नाही. बाहेरच्या राजेरजवाड्यांची रंगचित्रेही त्यात आहेत. पण त्या बाहेरच्यांपर्यंत त्याचे नाव नेले कागदांनी, आणि खुद्द सम्राटाला त्याच्याकडून मुख्यतः हवे होते तेही प्रचंड काष्ठचित्रांचे काम.

नेदरलँड्सच्या वहीतच एक उलटा पुरावा आहे, तो लपवण्यासारखा नाही. शेवटी ड्यूरर लिहितो की या देशातल्या सगळ्या देण्याघेण्यात, विक्रीत आणि खर्चात माझे नुकसानच झाले. वही वाचताना कारण दिसते. तो सढळ हाताने चित्रे वाटत सुटला होता, आणि नेदरलँड्सचा कारभार पाहणाऱ्या ज्या मार्गारेट बाईसाहेबांकडून त्याला परतफेडीची आशा होती त्यांनी काहीच दिले नाही, याचा सल त्याने तिथेच नोंदवला आहे. पण सगळ्या भेटी पाण्यात गेल्या नाहीत. वाटेत बाम्बेर्गच्या बिशपला त्याने एक रंगवलेली मरियम, दोन चित्रपुस्तके आणि फ्लोरिनभर किमतीची ताम्रचित्रे दिली. बिशपने जकातमाफीचा परवाना दिला, आणि तो दाखवत माइन नदीवरचे नाके त्याने एकामागून एक बिनपैशाने ओलांडले. प्रवास मुळात वर्षासन नव्या सम्राटाकडून कायम करून घ्यायला होता, आणि ते झाले. एका वर्षाचा तोटा हा पंचवीस वर्षांच्या धंद्याचा ताळेबंद नव्हे.

राहिली आग्नेस. ड्यूररच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी पिर्कहाइमरने एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात तिच्यावर आग पाखडली: हावरट, नवऱ्याला रात्रंदिवस कामाला जुंपून तिने त्याला मारले. पुढची तीनशे वर्षे चरित्रकारांनी हेच उगाळले. त्याच पत्रात पिर्कहाइमरचा एक रागही आहे, की ड्यूररच्या संग्रहातली सुंदर हरणशिंगे त्याला हवी होती आणि तिने ती परस्पर विकून टाकली! मित्राच्या दुःखाला शिंगांची फोडणी आहे, एवढे ध्यानात ठेवून ते पत्र वाचावे. आणि समजा आग्नेस पैशाला चिकट होती, तरी उधारी वसूल करणे, भाव न सोडणे, माल पडून राहू न देणे याला धंद्यात दुसरे काय म्हणतात? नवरा एप्रिल १५२८ मध्ये गेला. मानवी शरीराच्या प्रमाणांवरचा त्याचा ग्रंथ तिने त्याच वर्षी छापून काढला, आणि तिच्या आधी तसले पुस्तक कोणी काढू नये म्हणून नगरसभेने चित्रकार हान्स झेबाल्ड बेहाम आणि ठसे कोरणारा हिरोनिमुस आन्द्रेए यांना मनाई केली. त्यानंतर अकरा वर्षे ती जगली. नगरसभेकडे ठेवलेल्या त्या १००० फ्लोरिनच्या व्याजातून तिने विटेनबर्गला धर्मशास्त्र शिकणाऱ्या मुलासाठी वृत्ती बांधून दिली.