सहलीत वायनरी पाहायची ठरवताना



आम्ही निफाडकडच्या. आमच्या बचत गटातल्या पाच घरांनी मिळून दोन दिवसांची सहल ठरवली. पहिल्या दिवशी वणीच्या गडावर सप्तशृंगीचं दर्शन, दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर. बैठकीत एका सुनेनं सुचवलं, "परतताना गंगापूर धरणाजवळची एखादी वायनरी पाहू या का?" आणि बैठक एकदम गप्प झाली.

गप्प होण्याला कारण होतं. आमच्या गावातलं दारूचं दुकान आम्हीच मतदान करून बंद केलं होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. निम्म्याहून जास्त बायका आडव्या बाटलीच्या बाजूनं उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं कुलूप लागलं. त्याच आम्ही आता मुलाबाळांना घेऊन वाईनचा कारखाना बघायला जायचं?

त्यावर आमच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "चाळीस वर्षं द्राक्षाचे मणी विरळले. त्या द्राक्षाचं पुढं काय होतं, ते एकदा डोळ्यांनी बघू तरी." मग आम्ही ठरवलं, आधी माहिती काढू, मग निर्णय घेऊ. ती माहिती आज तुम्हांला सांगतो.

नाशिकच्या द्राक्षाची गोष्ट सांगताना जुनी माणसं ओझरचं नाव घेतात. तिथले रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षबाग लावली. पुढे भोकरी, फकडी या जुन्या जाती मागे पडल्या आणि बिनबियांची थॉमसन आली. १९९१ साली महाग्रेप्स ही शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची भागीदारी उभी राहिली आणि आपली द्राक्षं युरोपात जाऊ लागली. हे सगळं खाण्याचं द्राक्ष. वाईनचं द्राक्ष वेगळं असतं. मणी लहान, साल जाड, आत बिया. तोंडात टाकलं तर आपल्याला फारसं आवडणार नाही.

आपल्या राज्यात आधुनिक वाईनची सुरुवात नाशिकच्या बाहेर, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला झाली. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथं फ्रेंच पद्धतीनं फेसाळ वाईन बनवायला घेतली. नाशिकला १९९०च्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले आणि त्यांनी गंगापूर धरणाजवळ वाईनच्या द्राक्षाची लागवड केली. त्यांची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. तिचं नाव 'सुला' आईच्या नावावरून ठेवलेलं, आईचं नाव सुलभा. बैठकीत हे वाचलं तेव्हा सगळ्याजणी हसलो. बाटलीवर एका आईचं नाव, आणि बाटली आडवी करणाऱ्याही आयाच!

मग २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाईनला करात सवलत मिळाली, परवाने सोपे झाले, विंचूरला वाईन पार्क झालं. २००५ साली सुलानं पाहुण्यांसाठी चव घेण्याची खोली उघडली. तेव्हापासून मुंबई-पुण्याची माणसं नाशिकला देवदर्शनाबरोबर वायनरी पाहायलाही येऊ लागली.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. २००८ नंतर मंदी आली, वाईनची मागणी घटली. करार केलेल्या कित्येक शेतकऱ्यांची द्राक्षं उचलली गेली नाहीत. हे द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही, मग विकायचं कुठं? अनेकांनी वेली उपटल्या. पुढे २०२२ साली मोठ्या दुकानांत वाईन विकू द्यायचा निर्णय सरकारनं घेतला, तेव्हाही वाद पेटला. शेतकऱ्याचं भलं होईल, असं एक बाजू म्हणाली. घरात दारू शिरेल, असं दुसरी म्हणाली. विरोधामुळे तो निर्णय रखडला. आमच्या बैठकीत दोन्ही बाजूंच्या बायका होत्या, आणि दोघींचंही म्हणणं आम्हांला खोटं वाटलं नाही.

एवढं कळल्यावर जायचं ठरलं. पण एक अडचण होती. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याची दारू सुटून दोनच वर्षं झाली होती. ती आधी बोलेना. मग म्हणाली, "तुम्ही जा, आम्ही येत नाही." तेव्हा आम्ही ठरवलं, फक्त कारखाना पाहायचा, चव कुणीच घ्यायची नाही. ते भाऊ स्वतःच म्हणाले, "तुम्ही आत जाऊन या, मी पोरांना घेऊन धरणावर बसतो." कुणी आग्रह केला नाही, चेष्टाही केली नाही.

तुम्ही ठरवणार असाल तर आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी ऐका. आधी फोन करून वेळ घ्या. फेरीचे पैसे किती, त्यात चव धरलेली आहे का, मुलांना आत सोडतात का, हे विचारून घ्या. जानेवारी ते मार्च हा काढणीचा हंगाम, तेव्हा काम चालू दिसतं. रविवार टाळा. २१ वर्षांखालच्यांना वाईन देणं कायद्यानं बंद आहे, आणि मोठ्यांनाही पिण्यासाठी परवाना लागतो. गाडी चालवणाऱ्यानं आणि गरोदर बाईनं एक घोटही घेऊ नये. वाईनमध्ये साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं. तिला सरबत समजू नका. आणि गडाचं दर्शन व वायनरी एकाच दिवशी ठेवू नका, घरातल्या थोरांच्या मनाला ते लागतं.

आत आम्ही काय पाहिलं? द्राक्षाचे क्रेट रिकामे होतात, देठ वेगळे होतात, मणी चिरडले जातात. पांढऱ्या वाईनसाठी रस गाळून घेतात, लालसाठी सालासकट आंबवतात. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. पोलादी टाक्या थंड ठेवतात, काही वाईन ओकच्या लाकडी पिंपांत मुरवतात. एका बाटलीला किलोभराहून जास्त द्राक्षं लागतात. हे ऐकून मावशींनी तिथल्या माहिती देणाऱ्या मुलीला विचारलं, "आणि तोडणाऱ्या बाईला रोज किती?" त्या मुलीला सांगता आलं नाही. ती म्हणाली, "मी विचारून सांगते."

तो प्रश्न आम्ही बरोबर घेऊन आलो. छाटणी, विरळणी, तोडणी या कामाला पेठ-सुरगाण्याहून कितीतरी बाया येतात. वाईनच्या इतिहासात मालकांची नावं आहेत, धोरणांची सालं आहेत. या बायांचं नाव कुठं लिहिलेलं नाही. म्हणून तुम्ही वायनरी पाहायला गेलात, तर टाक्या आणि पिंपं जरूर पाहा, पण मावशींचा प्रश्नही विचारा. दुकान बंद करायला जशा एकत्र उभ्या राहिलो, तशा मजुरी विचारायलाही एकत्र उभ्या राहू.

तुमच्या गटानं अशी सहल काढली, किंवा काढायची नाही असं ठरवलं, तर कारण आम्हांला जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.